अर्ध्या जिन्याची मालकीण

सत्तरी उलटली, गुडघे कुरकुरू लागले, तरी त्या रस्त्यावर तिला सगळे धाकटीच म्हणत. औषधवाला म्हणे, टपालवाला म्हणे, समोरचा घड्याळवालाही म्हणे. कारण सरळ होतं. तिची थोरली जाऊ हयात होती, आणि ती हयात असेपर्यंत त्या घरात दुसऱ्या कुणाला मोठं व्हायची सोय नव्हती.

धाकटी खुर्च्या विणायची. वेताची जाळी फाटलेल्या, बसणाऱ्याला पोटात घेणाऱ्या खुर्च्या तिच्याकडे यायच्या. वेताच्या पट्ट्या बादलीत भिजत घालायच्या, जुनी जाळी भोकाभोकांतून टोचून काढायची, मग आधी उभे ताणे, त्यावर आडवे, त्यावर तिरपे. ओढ ढिली पडू नये म्हणून भोकात लाकडाची बारीक खुंटी ठोकायची. हे काम तिला सासऱ्यांनी शिकवलं. त्यांच्या दोन मुलांना ते कधी धड जमलं नाही, सुनेला मात्र पहिल्याच वर्षी जमलं. त्यावरून घरात जे टोमणे झाले ते वेगळेच.

"सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, हे आमच्याच घराण्यावरून निघालं असणार," ती म्हणायची. "फक्त आमच्याकडे सुंभाऐवजी वेत."

घर व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं. बांधलं एका इमारती लाकडाच्या व्यापाऱ्यानं, आणि त्याला राहायला घर हवं होतं त्यापेक्षा जास्त गिऱ्हाइकाला दाखवायला नमुना हवा होता. म्हणून प्रत्येक खोलीची जमीन वेगळ्या लाकडाची. एक खोली काळपट, एक मधाच्या रंगाची, एक चालताना चक्क कण्हणारी. सगळ्यांत मोठा नमुना म्हणजे जिना. तळमजल्यावरच्या दिवाणखान्यातून तो रुंद, ऐटीत वर निघायचा, माथ्याजवळ गरकन वळायचा आणि वरच्या मजल्याला भिडायचा. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला कोरीव कठडा. त्या कठड्यावर वेली होत्या, पानं होती, आणि वळणापाशी एक घुबड होतं. गिऱ्हाईक कठड्यावरून हात फिरवत वर जाई आणि खाली येईतो सौदा ठरलेला असे, असं म्हणत.

व्यापाऱ्याच्या मुलांना लाकडात गोडी नव्हती. त्यांनी घर एका डोळ्यांच्या डॉक्टरला विकलं. डॉक्टरनं दिवाणखान्याच्या भिंतीवर मोठ्यापासून बारीक होत जाणारी अक्षरं रंगवून घेतली. पुढे रंगाचे कितीही हात दिले तरी सर्वांत वरचं मोठं अक्षर त्यातून डोकं काढायचंच. डॉक्टरमागून दोन अविवाहित बहिणी आल्या. त्यांनी मुलींची शाळा काढली आणि बोळात लहान पोरींच्या उंचीला खुंट्या ठोकल्या. शाळा गेली, खुंट्या राहिल्या. त्या घरात मोठ्या माणसाचा कोट टांगला की जमिनीवर लोळायचा, म्हणून पुढच्या पिढ्यांत कुणी कोट टांगलाच नाही.

त्या शाळेच्या खुर्च्या विणायला धाकटीचे सासरे जात. बहिणी म्हाताऱ्या झाल्या तेव्हा त्यांनी घर सासऱ्यांनाच दिलं. म्हणाल्या, "तुम्ही निदान बसायला शिकवाल. आम्ही नुसतं उभं राहायला शिकवलं." सासऱ्यांनी खालच्या दिवाणखान्यात कारखाना मांडला, वर संसार थाटला, दोन्ही मुलांची लग्नं केली, आणि घरात लाकूड असताना लाकूड विकत घ्यायचं नाही, ही एकच शिकवण मागे ठेवून गेले.

त्यांच्यामागे भावाभावांत बिनसलं. कशावरून, ते आता कुणालाच नीट सांगता यायचं नाही. धाकटीचा नवरा म्हणे कारखान्याच्या किल्लीवरून. थोरला म्हणे, किल्लीवरून नाही, किल्ली मागताना वापरलेल्या शब्दावरून. असो. भांडण झालं आणि घराची वाटणी ठरली, ती अगदी मधोमध, उभ्यानं. पुढचा दरवाजा दोन फळ्यांचा होता, म्हणून एक फळी एकाची, दुसरी दुसऱ्याची. टपालवाला अंगानं भरलेला. तो त्या दिवसापासून आडवा होऊन आत शिरायला शिकला.

आणि मग जिना. जिना एकच होता, तेव्हा तोही उभा चिरायचा. धाकटीचा नवरा म्हणाला, बाजू कोण निवडणार? थोरला म्हणाला, "मी मोठा. कठडा माझा."

वेली, पानं, घुबड सगळं त्याला मिळालं. धाकट्याच्या वाटेला कोरी भिंत आली. थोरला त्या दिवशी मिशीत हसला म्हणे. जिन्याच्या मधोमध पार्टिशन उभं राहायला लागलं. त्यासाठी लाकूड कुठलं? वडिलांची शिकवण होतीच. दोघांनी आपापल्या खोल्यांची दारं उतरवली आणि पायऱ्यांच्या उताराप्रमाणे खालून तिरकी कापून मधल्या खांबांना ठोकली. एक थर थोरल्याच्या बाजूनं, एक धाकट्याच्या बाजूनं, कारण दुसऱ्याच्या दारावर विश्वास कोण ठेवणार? खोल्यांना पडदे लागले आणि जिन्याला दारं.

सगळं ठोकून झाल्यावर थोरला आपल्या जिन्यानं वर निघाला आणि वळणाशी थबकला. सरळ पायऱ्यांवर दोघांना सारखी जागा होती. पण जिना वळतो तिथे पायऱ्या पंख्यासारख्या पसरतात. बाहेरच्या अंगाला ऐसपैस, आणि कठड्याच्या अंगाला निमुळत्या होत होत बोटभर. हातात कठडा आला होता खरा, पण पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

चूक कबूल केली तर तो थोरला कसला? मरेपर्यंत तो त्या वळणावर टाचा उचलून, खेकड्यासारखा तिरका चढला. "व्यायाम होतो," म्हणायचा.

नवऱ्यांचं भांडण होतं. जावांचं नव्हतं, किंवा असलं तरी वेगळं होतं. दुपारी नवरे बाहेर गेले की दोघी आपापल्या जिन्यात, एकाच पायरीवर बसायच्या, मधे दारांचे दोन थर. थोरली भाजी निवडायची, धाकटी वेत सोलायची, आणि लाकडातून बोलणं चालायचं.

"धाकटे, तुझ्याकडे आज काहीतरी करपलं."

"करपलं नाही जाऊबाई, खरपूस झालंय."

"माझं नाक कापून नेलं नाहीये अजून वाटणीत."

असा त्यांचा काळ गेला. दोघींचे नवरे एकमेकांशी न बोलताच गेले, आधी धाकटीचा, मग थोरलीचा. धाकटीला मूल नव्हतं. थोरलीला एक मुलगा, तो दुसऱ्या शहरात नोकरीला. दोघी आपापल्या अर्ध्या घरात एकट्या राहिल्या. भिंत काढायचं कुणी बोललं नाही. थोरलीच्या लेखी ती नवऱ्याची शेवटची निशाणी होती. धाकटीनं एकदाच विषय काढला, तेव्हा पलीकडून उत्तर आलं, "ह्यांनी घातलीय ती." संपलं.

मग थोरली पडली. धुतलेल्या चादरी घेऊन वर जाताना त्याच वळणावर तिचा पाय सुटला आणि खुब्याचं हाड मोडलं. धाकटी आपल्या जिन्यात धावली, पण धावून करणार काय? पलीकडे जायला खाली उतरून, रस्त्यावर जाऊन, दुसऱ्या फळीतून आत शिरावं लागलं. चार माणसांनी थोरलीला चादरीत बांधून उचललं आणि त्या अरुंद बोगद्यातून भिंतीवर आपटत खाली नेलं. हाड सांधल्यावर तशीच बांधून वर आणली. वर पलंगावर टेकल्यावर ती पहिलं वाक्य बोलली ते असं :

"दोनदा गाठोडं होऊन गेले या जिन्यातून. आता तिसऱ्यांदा जाईन ती शेवटचीच. मधे कुणी मला हात लावायचा नाही."

डॉक्टर म्हणाले होते, चाला, हळूहळू जिना उतरा, नाहीतर पाय कायमचा आखडेल. चार पायांची काठी घेऊन ती खोलीत चालायला शिकली. जिन्याच्या तोंडापर्यंत येई, खाली बघे आणि परत फिरे. वळणावरच्या त्या बोटभर पायऱ्यांवर धडधाकट माणसाचं पाऊल मावेना, तिथे तिचं काय मावणार? उन्हाळा गेला, हिवाळा गेला. थोरलीनं रस्ता पाहिला नाही. जेवण धाकटी पोचवायची, रोज रस्त्यावरून वळसा घालून, आणि त्या वळणावर स्वतःही कठड्याला लोंबकळत चढायची. पाहता पाहता थोरली खोलीतही कमी चालू लागली. मग खुर्चीतच बसून राहू लागली. धाकटीनं आयुष्यभर खुर्च्या पाहिल्या होत्या. खुर्ची माणसाला कशी गिळते, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

पुतण्या आला. मुलगा गुणी, पण उंटावरून शेळ्या हाकणारा.

"आई, वर बोळातल्या मधल्या भिंतीत एक दार पाडू. काकूच्या जिन्यानं उतर. तिकडे पायऱ्या रुंद आहेत."

"आणि धरू काय? तुझ्या काकूचे कान? तिकडे कठडा कुठाय?"

"लोखंडी नळी बसवून घेऊ भिंतीला."

"नळी धरून उतरायला मी काय माकड आहे? आणि दुसऱ्याच्या घरातून उतरायचं असतं तर ह्यांनी वाटणी कशाला केली असती? उतरले तर माझ्या जिन्यानं उतरेन."

"मग भिंत काढू."

"माझ्या दारांना हात लावलास तर परत येऊ नकोस."

खाली येऊन पुतण्यानं कपाळाला हात लावला. "काकू, मी आमची बाजू विकून आईला माझ्याकडे नेतो."

"कसा नेणार? खिडकीतून फेकून? आणि अर्धा जिना विकत कोण घेणार? एकच पाय असलेला?"

पुतण्या हसला, पण त्याचे डोळे भरले होते. तो गेला. त्या संध्याकाळी धाकटी कारखान्यात बसून राहिली. समोर एक खुर्ची होती, अर्धी विणलेली. तिनं ती बाजूला सरकवली, पक्कड, पटाशी आणि हातोडी उचलली आणि आपल्या जिन्यात गेली.

पहिला खिळा निघता निघत नव्हता. गंजून लाकडाशी एकजीव झालेला. तिनं पटाशी खाली घातली, वर अंगाचा भार टाकला, आणि खिळा असा किंचाळत बाहेर आला की वरून आवाज आला, "कोण आहे गं तिकडे?"

"मीच आहे, जाऊबाई."

"काय करतेस?"

"भिंत काढतेय."

वर काठीचे चार पाय लाकडावर खडखडत पुढे आले. "मी काय सांगितलं होतं? माझ्या दारांना हात लावायचा नाही!"

"लावत नाहीये. भिंतीचे दोन थर आहेत. माझ्या बाजूचा माझा. माझी भिंत मी काढतेय. तुमची तुम्ही ठेवा."

"निर्लज्ज!"

"बरं."

"म्हातारचळ लागलाय तुला!"

"लागला असेल. पण माझ्या अर्ध्याच भागात लागलाय."

थोरली दारावर काठी आपटून परत गेली. धाकटीनं दुसऱ्या खिळ्याला पक्कड लावली. शेंडी तुटो वा पारंबी, आता थांबायचं नव्हतं.

ती रोज सकाळी खुर्च्या विणी आणि दुपारी खिळे काढी. दारं जड. एकेक दार सुटलं की ते पाठीला टेकवून ती पायरी पायरीनं खाली सरकवत आणी. घड्याळवाला मदतीला आला तेव्हा तिनं त्याला दाराच्या फळीपाशीच थांबवलं. "घरचं भांडण आहे. बाहेरच्यानं हात लावला तर कोर्टकचेरी होईल." मग खाली आणलेलं दार तेवढं उचलून भिंतीशी लावायची परवानगी त्याला दिली. तिचे तळहात सोलले. तिनं त्यांना फडकं बांधलं आणि काम चालू ठेवलं.

थोरली वरून सगळं ऐकायची. जेवणाच्या वेळी ताट पुढे आलं की तोंड फिरवायची, पण जेवायची. बोलणं बंद. फक्त एकदा तिच्याच्यानं राहवलं नाही. "वरून तिसरा खिळा वाकडा ठोकलेला आहे. सरळ ओढलास तर फळी फुटेल. ह्यांच्यासमोर तुझ्या नवऱ्यानं ठोकला होता. तेव्हाच म्हणाले होते, याला खिळाही धड मारता येत नाही."

"मग कसा काढू?"

"मला काय माहीत? तुझी भिंत आहे."

पण दुपारी धाकटीला ते दार सोडवताना वर काठीचा खडखडाट ऐकू आला. जिन्याच्या तोंडाशी थोरली उभी होती, लाकडापलीकडे, श्वास जोरात घेत. बऱ्याच दिवसांत ती खुर्चीतून उठून इतकी चालली नव्हती. धाकटीनं खिळा जरा जास्तच हळू काढला.

शेवटी धाकटीच्या बाजूचा थर संपला. समोर मधले खांब आणि त्यांच्यापलीकडे थोरलीच्या दारांच्या पाठी. खांब दोघींचे. धाकटीनं विचार केला आणि सर्वांत वरचा खांब, वळणाजवळचा, त्याच्या तळाच्या आणि माथ्याच्या पाचरी ठोकून सैल केल्या. आता थोरलीच्या बाजूचं वरचं दार नुसतं सवयीनं उभं होतं.

"जाऊबाई," तिनं हाक मारली. "ऐका. मी माझं सगळं काढलं. खांबात माझा वाटा होता, तेवढा ढिला केला. तुमच्या दाराला माझं बोट लागलेलं नाही. आता ते नुसतं ढकलायचं राहिलंय."

"मग ढकल ना! एवढं सगळं केलंस."

"नाही. तुमची बाजू. तुमचा हात."

"मी मेले तरी ढकलणार नाही."

"मेल्यावर ढकलायची गरजच नाही. तेव्हा गाठोडं जाईलच की त्या बोगद्यातून, आपटत आपटत. भावजींच्या भिंतीवरच आपटेल. ती तेवढी राहील जागेवर."

हे शब्द तोंडातून गेले आणि धाकटीला वाटलं, जास्त झालं. ती खाली उतरली. दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ताटातलं जेवण तसंच परत आलं. तरी धाकटी माफी मागायला तयार नव्हती. माफी मागितली असती तर थोरली पुन्हा खुर्चीत बसली असती, आणि मग त्या खुर्चीतून तिला कुणीच उठवू शकलं नसतं. तिनं बादलीत वेत भिजत घातला आणि विणायला बसली. तिरपी पट्टी चुकली. सोडवली. पुन्हा चुकली.

दुपारी वर काठी वाजू लागली. खोलीतून बोळात, बोळातून जिन्याच्या तोंडाशी. मग एक पायरी. मग आणखी एक. धाकटी उठून आपल्या जिन्याच्या पायथ्याशी आली आणि मान वर करून उभी राहिली. लाकडापलीकडून थोरलीचा आवाज आला, हळू, पण दाराशी बोलल्यासारखा नाही, माणसाशी बोलल्यासारखा.

"कठडा घेऊन काय केलंत हो? पाय ठेवायला जागा तरी बघायची."

आणि दणका बसला. एकदा. पुन्हा. तिसऱ्यांदा ते उंच, तिरकं कापलेलं दार डुलत डुलत धाकटीच्या बाजूला झुकलं आणि धाडकन आडवं झालं. पायऱ्यांवरून घसरत, खांबाला हिसका देत, ते थेट तिच्या पायांपाशी येऊन थांबलं. धूळ उडाली. घड्याळवाला रस्त्यावरून ओरडला, "धाकट्या बाई, आहात ना?"

"आहे, आहे!"

धूळ बसली तेव्हा वर वळणापाशी थोरली दिसली. एका हातात काठी, दुसरा हात घुबडाच्या डोक्यावर, केस विसकटलेले. कितीतरी वर्षांनी धाकटीनं तिला आपल्या जिन्यातून पाहिलं.

"बघतेस काय?" थोरली म्हणाली. "ही काठी घे आधी. दोन्ही हात लागतील मला."

धाकटी धावत वर गेली आणि काठी घेऊन तिला धरायला पुढे झाली.

"हात लावायचा नाही म्हटलं होतं ना? बाजूला हो. मला जागा लागते."

धाकटी कोऱ्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. थोरलीनं कठडा दोन्ही हातांनी धरला आणि उजवा पाय पंख्यासारख्या पायरीच्या रुंद अंगावर, काल परवापर्यंत परक्या असलेल्या जागेवर, टेकवला. पाय थरथरला. तिनं ओठ घट्ट मिटले. डावा पाय आला. मग पुन्हा उजवा. वळण संपलं तेव्हा तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते.

खालची सगळी दारं अजून उभी होती. त्यांच्या अलीकडून, धाकटीच्या बाजूनं, थोरली शेवटच्या पायऱ्या उतरली, कठड्याऐवजी दारांच्या खांबांना धरत. पायथ्याशी पोचल्यावर तिनं आडव्या पडलेल्या दाराकडे पाहिलं, भिंतीवरच्या डॉक्टरच्या मोठ्या अक्षराकडे पाहिलं, रस्त्यावरून डोकावणाऱ्या घड्याळवाल्याकडे पाहिलं.

"उरलेली दारं उद्या काढू," ती म्हणाली. "मला अर्धवट काम आवडत नाही. आणि हे आधी इथून उचला. कुणीतरी अडखळून पडायचं."